घडी मोडलेली

आमच्या घरात ‘जुनी’ हा शब्द उच्चारायला बंदी होती. बाबांची छत्री जुनी असली तरी चालायचं, मुलुंड पूर्वेतली आमची तीनमजली इमारत तर सरळ म्हातारी म्हटली तरी कोणाची हरकत नव्हती. पण साडी कधीही जुनी नसे. ‘वापरलेली’ हा शब्द म्हणजे तर चारचौघांत दिलेली शिवी. आमच्या दुकानातली एकूणएक साडी ‘घडी मोडलेली’ असे. हल्लीच्या मुलींना हे समजावून सांगावं लागतं म्हणून सांगते. नवीकोरी भारी साडी घेतली की ती आपण आधी नेसायची नाही. लेकीला, भाचीला किंवा जिवाभावाच्या मैत्रिणीला पहिल्यांदा नेसायला द्यायची, तिने तिची घडी मोडायची. तो तिचा मान. मग ती साडी परत येते आणि आपण नेसतो. म्हणजे एखादी साडी कुणीतरी आधी नेसलेली असणं ही आपल्याकडे लाजेची नव्हे, कौतुकाची गोष्ट असू शकते, हे माझ्या आत्याच्या लक्षात आलं, आणि त्या एका गोड रिवाजावर तिने अख्खं दुकान उभं केलं.

कुमुदआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. लग्नानंतर थोड्याच काळात ती सासर सोडून आमच्याकडे आली होती. का आली, हे तिने कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. इमारतीतल्या बायकांनी मात्र आपापल्या परीने कारणं ठरवून टाकली होती. तिच्यासाठी त्यांच्याकडे एक शब्द होता : ‘परत आलेली’. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हिला बोलवावं की नाही, यावर महिला मंडळात दरवर्षी चर्चा व्हायची आणि दरवर्षी बहुमताने बोलावण्याचं ठरायचं, कारण वाणात कमी पडलेली सुगडी ऐन वेळी कुठून तरी आणून देणारी तीच एक होती. दुकान सुरू झालं, चांगलं चालायला लागलं, तेव्हापासून ‘परत आलेली’ हा शब्द विरला. तिला आता सगळ्या ‘घडीवाल्या कुमुदताई’ म्हणायला लागल्या. दुकानाने आम्हाला पुष्कळ काही दिलं, माझं कॉलेज त्यातच झालं, पण मला वाटतं आत्याला ते हवं होतं ते एवढ्याचसाठी.

दुकान म्हणजे आमची बाहेरची खोली. तळमजल्यावर राहण्याचे तोटे बाकीच्यांनी मोजावेत, आत्याने फायदे मोजले : घराला दोन दारं होती. पुढच्या दाराने घेणाऱ्या येत, स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने देणाऱ्या. साडी आमच्याकडे ठेवून जायची, विकली गेली की आमचा वाटा ठेवून बाकीचे त्यांचे. ज्यांना देणं आणि घेणं दोन्ही असायचं त्या मागच्या दाराने यायच्या, साडी ठेवायच्या, बाहेर पडून इमारतीला वळसा घालायच्या आणि पुढच्या दाराने, जणू आजच पहिल्यांदा पाऊल टाकतोय अशा चेहऱ्याने आत यायच्या. आत्याही तितक्याच गंभीरपणे “या या, किती दिवसांनी!” म्हणायची. पुढच्या दाराने येणारी प्रत्येक बाई बहिणीसाठी साडी बघत असे. त्या काळी मुलुंडमध्ये इतक्या बहिणी होत्या, की भाऊ कुठे गेले असतील असा प्रश्न मला पडायचा.

नाव काय द्यावं यावर घरात वाद झाला. बाबांनी ‘पुनश्च’ सुचवलं. आत्या म्हणाली, “दादा, दुकान आहे की पत्र?” मग ‘घडी’ ठरलं. मी स्वतः सुबक अक्षरात पाटी रंगवली आणि पाटी लागली त्याच सकाळी एक उत्तर भारतीय गृहस्थ मनगटावरचं घड्याळ काढून आईपुढे धरून उभे राहिले. “बहेनजी, पीछे चलती है.” आईने मराठीतून त्यांना साडीची घडी, घड्याळाची घडी असा फरक समजावून दिला. ते सगळं ऐकून घेऊन म्हणाले, “ठीक है, शामको आऊँ क्या?” त्यानंतर आठवड्यातून एखादं तरी घड्याळ यायचं. बाबांनी शेवटी पाटीखाली साडीचं चित्र काढायला लावलं. मी काढलेल्या साडीकडे बघून लोक पडदे विचारायला लागले.

धंद्याचा पहिला नियम : नाव सांगायचं नाही. कोणाची साडी, हे घेणारीला कळता कामा नये. कोणी नेली, हे देणारीला कळता कामा नये. कोणी फारच खोदून विचारलं तर आत्याचं ठरलेलं उत्तर असायचं, “चांगल्या घरची आहे.” जणू साडी नव्हे, स्थळ सांगतेय. या नियमामुळे साड्या बाहेर वाळत घालता येत नसत. रस्त्याने जाणारी एखादी ओळखायची. त्यामुळे डांबरगोळ्यांचा वास घालवायला त्या घरातच दोऱ्यांवर पसरलेल्या असायच्या. आमच्या घरात कोणत्याही खोलीतून कोणत्याही खोलीत जाताना दोन-तीन साड्या बाजूला साराव्या लागत. बाबा एका नारायणपेठेखाली बसून पेपर वाचत, आणि इस्त्रीचा ‘सुस्स’ आणि मागे कुकरची शिट्टी यांच्यात कोण कोणाला उत्तर देतंय ते कळत नसे. रेशीम वास धरतं, म्हणून मासे फक्त बुधवारी, दुकान बंद असेल त्या दिवशी. सगळ्या साड्या ट्रंकेत कोंबून, ट्रंकेवर गोधडी टाकून मग आई बांगड्यांना मसाला लावायची. आमच्याकडे देवाच्या वारांइतकाच बुधवार पाळला जायचा. एका गुरुवारी एका बाईंनी मोतिया रंगाची साडी नाकाशी नेऊन “छान वास आहे हो, कसला?” असं विचारलं तेव्हा आत्या क्षणभरही न थांबता म्हणाली, “कोकणातली साडी आहे.”

आत्या अशी. आई अगदी उलट. आई खोटं बोलत नसे. ही काही तिची तपश्चर्या नव्हती, तिला ते जमतच नसे. खोटं बोलायला गेली की तिचे कान लाल व्हायचे. आत्याने साडी उलगडून “एकदा, फक्त एकदा घडी मोडलीय” म्हटलं की आई इस्त्री करता करता खोकायची. गिऱ्हाईक गेलं की सुरू व्हायचं.

“वन्सं, त्या साडीच्या खांद्याला पिनेची भोकं आहेत. चाळणी झालीय नुसती.”

“मग मोडलीच ना घडी?”

“अहो, घडी मोडलीय म्हणता की साडी मोडलीय?”

“वहिनी, तुम्ही इस्त्री बघा. खरं बोलून कोणाचं दुकान चाललंय?”

मी या दोघींच्या मध्ये. माझं काम पुतळ्याचं : अंगावर साडी लावून उभं राहायचं. तत्त्वज्ञानाचे धडे मी कधी बनारसी, कधी गढवाल खांद्यावर घेऊन पाठ केले आहेत. परवा नात मला अंधेरीतल्या एका झगमगीत दुकानात घेऊन गेली, तिथे अशाच साड्या काचेमागे लटकत होत्या. “आजी, याला प्री-लव्ड म्हणतात,” ती म्हणाली. आधीच कोणीतरी प्रेम केलेली! आत्या हवी होती. तिने ‘घडी मोडलेली’ पुसून तिथल्या तिथे नवी पाटी रंगवायला घेतली असती, आणि आई खोकली असती.

आता त्या पैठणीकडे येते. विक्रोळीच्या एका कारखान्यात टाळेबंदी झाली होती आणि आमच्या मागच्या चाळीतले सावंत घरी बसले होते. सावंतकाकू म्हणजे ठणठणीत आवाजाची मालवणी बाई. तिने हळू बोललेलं मी फक्त एकदाच ऐकलंय, ते त्या दुपारी आमच्या मागच्या दारात. पिशवीतून तिने मलमलीत गुंडाळलेली जांभळी पैठणी काढली. तिचा भाऊ दुबईला होता, त्याने भाऊबिजेला घेतलेली. पदरावर मोर, एकामागून एक, सगळे डावीकडे बघणारे. फक्त शेवटचा एक उजवीकडे तोंड करून बसला होता. विणकराची चूक.

“हो माझो रुसलेलो मोर,” ती म्हणाली आणि त्याच्यावरून बोट फिरवलं. “वयनी, येकदाच नेसलंय. पोरग्याच्या मुंजीक. बेबीच्या लग्नाक नेसूक होई होती.” बेबी म्हणजे तिची लेक, लग्न ठरलेली. मग पटकन आवाज चढवून, “ऱ्हवांदे! लग्नात आवशीक कोण बघता?”

ती गेल्यावर आत्याने पैठणी पुन्हा मलमलीत गुंडाळली. मग म्हणाली, “वहिनी, ही खरंच घडी मोडलेली आहे हो.” आमच्या दुकानात ते शब्द पहिल्यांदाच शब्दशः खरे होते.

ती पैठणी घेतली निमकरबाईंनी. निमकरबाई आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा. अध्यक्षपद त्यांच्याकडे किती वर्षं होतं ते कोणालाच आठवत नसे, कारण निवडणूक घ्यायची तर सभा बोलवावी लागायची आणि सभा बोलवायचा अधिकार अध्यक्षांना. त्या खुर्चीवर बसत नसत, स्थानापन्न होत. त्यांना चहा विचारला तर त्या ‘घेईन’ म्हणत नसत, ‘हरकत नाही’ म्हणत. त्या ऐन दुपारी, इमारत झोपलेली असताना, पुढच्या दाराने आल्या. बहिणीसाठीच बघत होत्या. आईने तिच्या स्वभावाप्रमाणे आधीच सांगून टाकलं, “एक मोर उलटा आहे बरं का यात.” निमकरबाईंनी चष्मा सावरून मोराचं निरीक्षण केलं आणि म्हणाल्या, “हरकत नाही.” पैठणी कागदात, कागद पिशवीत, पिशवी मोठ्या पिशवीत आणि वर कोथिंबिरीची जुडी, अशा बंदोबस्तात ती आमच्या घरातून बाहेर पडली.

मग संक्रांत आली. मंडळाचं हळदीकुंकू शाळेच्या सभागृहात असे. तिळगूळ, भिजवलेले हरभरे, मसाला दुधाऐवजी ऑरेंज सरबत आणि अध्यक्षीय भाषण. यापैकी भाषण सोडून सगळं संपायचं. निमकरबाई जांभळी पैठणी नेसून उभ्या राहिल्या तेव्हा आत्याने माझ्या हातातले हरभरे माझ्या हातासकट घट्ट धरले. भाषणाचा विषय होता ‘आपले वस्त्र, आपले संस्कार’. बाई म्हणाल्या, हल्ली काही ठिकाणी (इथे आमच्या रांगेकडे कटाक्ष) दुसरीच्या अंगावरची वस्त्रं विकत मिळतात म्हणे. भगिनींनो, वस्त्राबरोबर नेसणारीचं नशीबही येतं. उष्टं आपण खात नाही, मग उष्टं नेसायचं का? टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्या पहिल्या दोन रांगांत आमच्या दुकानाच्या कमीत कमी अर्धा डझन साड्या होत्या; त्या नेसलेल्या बायकाच जोरात वाजवत होत्या. “ही पैठणी पाहा,” बाईंनी पदर पसरला. “येवल्याला स्वतः सांगून विणून घेतली. दृष्ट लागू नये म्हणून एक मोर मी मुद्दाम उलटा काढायला लावला.”

“अगो बाय माझ्या!” मागून आवाज आला. “ह्यो तर माझो रुसलेलो मोर!”

सावंतकाकू उभी राहिली होती. हातात तिळगुळाची वाटी. ते तिच्या तोंडून निघून गेलं होतं, रस्त्यात माहेरचं माणूस दिसल्यावर हाक निघून जाते तसं. सगळ्या बायका आधी काकूकडे, मग मोराकडे, मग निमकरबाईंकडे बघायला लागल्या. निमकरबाईंचा पसरलेला पदर तसाच हवेत राहिला. आणि मग मी काकूचा चेहरा पाहिला. तिला आता कळलं होतं आपण काय बोललो ते. मोर तुझा, तर मग साडी त्यांच्या अंगावर कशी? याचं एकच उत्तर होतं, आणि ते चाळीत कोणालाही, अगदी बेबीच्या होणाऱ्या सासूलाही कळू नये म्हणून ती मागच्या दाराने आली होती. बेबीची होणारी सासू तिसऱ्या रांगेत बसली होती.

“तुमचा मोर? म्हणजे कसा हो?” कोणीतरी गोड आवाजात विचारलं. अशा वेळी असा आवाज काढणारी एक बाई प्रत्येक मंडळात असतेच.

मी आत्याकडे पाहिलं. बांगड्याच्या वासाला एका दमात कोकणात पाठवणारी बाई, हिला आता काहीतरी सुचेल. पण आत्या पांढरी पडली होती. नाव फुटलं की दुकान संपलं; मागच्या दाराने पुन्हा कोणी आलं नसतं आणि पुढच्या दाराने तर नाहीच. उद्या सकाळपासून ती पुन्हा ‘परत आलेली’.

तेवढ्यात आई उभी राहिली. आई सभेत कधी उभी राहिली नव्हती, सरबत द्यायलासुद्धा नाही. पदर सारखा करत ती घरातल्या आवाजात म्हणाली, “अहो, असं काय करता? या पैठणीची घडी सावंतवहिनींनीच तर मोडली.”

मी आईचे कान बघत होते. जराही लाल झाले नव्हते. होणार कसे? वाक्यातला शब्दन् शब्द खरा होता.

आधी एक बाई “अय्या!” म्हणाली, मग दुसरी. केवढ्या मोठ्या मनाच्या हो अध्यक्षा! स्वतःसाठी विणून घेतलेली पैठणी, आणि घडी मोडायला दिली कोणाला, तर चाळीतल्या सावंतवहिनींना. टाळ्या सुरू झाल्या आणि या वेळी थांबेनात. तिसऱ्या रांगेतल्या विहीणबाई काकूकडे नव्या आदराने बघायला लागल्या. निमकरबाईंनी एकदा आईकडे पाहिलं. त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. त्यांनी हळूच पदर खांद्यावर घेतला, मान किंचित झुकवली आणि म्हणाल्या, “त्यात काय विशेष. आपलीच माणसं.” अध्यक्षा उगीच नव्हत्या.

घरी येऊन दार लावल्यावर आत्या म्हणाली, “वहिनी, तुम्ही चक्क खोटं बोललात!”

“एक शब्द दाखवा खोटा.”

आत्या दोरीवरच्या इंदुरीत तोंड खुपसून हसायला लागली, इतकी की बाबा पेपर खाली ठेवून विचारायला आले, कोणी गेलं का.

पुढचं मात्र आमच्यापैकी कोणी योजलं नव्हतं. मंडळाने निमकरबाईंचा औदार्याबद्दल सत्कार केला. सत्काराची शाल मंडळाच्या चिटणीसबाईंनी आमच्याकडूनच नेली होती, बहिणीसाठी म्हणून. थोड्याच दिवसांत ती निमकरांच्या मोलकरणीबरोबर मागच्या दाराने आमच्याकडे परत आली. दुसरं, बायका निमकरबाईंना रस्त्यात थांबवून “पुढची घडी आम्हाला हं!” म्हणायला लागल्या, त्यामुळे बाईंनी दिवाळीपर्यंत नवी साडी घेणंच बंद केलं. आणि तिसरं म्हणजे सावंतकाकू. बेबीच्या लग्नाच्या आधी ती सरळ निमकरांच्या दारात गेली आणि सगळा जिना ऐकेल अशा तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, “बाय, पुन्ना घडी मोडूक देशात काय? लग्नाक?” जिन्यातली दारं उघडली होती. निमकरबाई म्हणाल्या, “हरकत नाही.”

मे महिन्यात, हॉलच्या पंख्यांखाली, काकू ती जांभळी पैठणी नेसून दारात उभी राहून सगळ्यांना “येवा, येवा” म्हणत होती आणि पदर असा काढला होता, की उलटा मोर बरोबर खांद्यावर यावा. वधूच्या आईकडे कोण बघतं म्हणाली होती. सगळे तिच्याकडेच बघत होते. लग्नानंतर तिने पैठणी धुवून, इस्त्री करून, वर खाज्याचा पुडा ठेवून परत केली. तो कुरकुरीत गोड खाजा निमकरबाईंनी खाल्ला की नाही ते माहीत नाही. पैठणी मात्र त्यांना पुन्हा नेसता आली नाही. जिथे जातील तिथे कोणीतरी म्हणायचंच, “हीच ना ती सावंतवहिनींची?” असं एक वर्ष त्यांनी सोसलं. मग एका दुपारी, आयुष्यात पहिल्यांदा, त्या स्वतः मागच्या दाराने आल्या आणि कोथिंबिरीच्या जुडीखालून पैठणी काढून ओट्यावर ठेवली. आईने चहा विचारला. “हरकत नाही” म्हणाल्या, आणि स्थानापन्न व्हायला खुर्ची नव्हती म्हणून पाटावर बसल्या. मला त्या दिवशी त्या आवडल्या.

कारखाना तोवर सुरू झाला होता. आम्ही कोणाला काही कळवलं नाही, तसा नियमच नव्हता. आत्याने फक्त ती पैठणी आठवडाभर स्वयंपाकघराच्या खिडकीशी टांगली, जिथून मागच्या चाळीतला नळ दिसतो. सावंतकाकू आली ती पुढच्या दाराने, केसांत अबोलीचा गजरा माळून. पैठणी उलगडून उजेडात धरली, रुसलेल्या मोराकडे बघितलं, मग अगदी गंभीर चेहऱ्याने आईला विचारलं, “नवी दिसता. आदी कोणाची होती गो, वयनी?”

आईने इस्त्री बाजूला ठेवली. “नावं सांगायची आमच्यात पद्धत नाही,” ती म्हणाली. “पण चांगल्या घरची आहे.”

“तां माका म्हायत आसा,” काकू म्हणाली.